कंपनी कशी आहे, हे कोणाला विचारायचे?

(कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी जो विषय ठरविण्यात आला आहे तो ऐकायला साधा वाटतो. साबण, धुण्याची पूड, टूथपेस्ट, चहा अशा घरोघरी लागणाऱ्या वस्तू बनविणाऱ्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांचे आपल्या नोकरीविषयी मत काय आहे? भांडवलदारी वृत्तपत्रांतून या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी छापून येते. पाहणी होते, गुण दिले जातात, क्रम लागतो आणि 'नोकरीसाठी सर्वांत चांगली कंपनी' म्हणून कोणाच्या तरी गळ्यात माळ पडते. आपले काही सहकारी ही सारी बनवाबनवी आहे असे म्हणून विषय संपवितात. मला ते पटत नाही. ज्यांना प्रश्न विचारला गेला त्यांनी बहुधा मनापासूनच उत्तर दिलेले असते. पण त्या कंपनीच्या मालावर ज्यांचे पोट चालते अशा माणसांपैकी किती जणांपर्यंत तो प्रश्न पोहोचला, हे मात्र कोणी छापत नाही. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरण म्हणून मी हिंदुस्थान लिव्हर घेतो. २००७ पासून तिचे नाव हिंदुस्थान युनिलिव्हर आहे. १८८८ साली सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, तेव्हापासून या घराण्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. १९३१ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी, १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स, १९३४ मध्ये मुंबईत शिवडी येथे साबणाचे उत्पादन, १९३५ मध्ये युनायटेड ट्रेडर्स आणि १९५६ मध्ये या तिन्ही कंपन्यांचे एकत्रीकरण, असा तिचा क्रम आहे. आजही सुमारे ६२ टक्के भाग परदेशी मालकाच्या हाती आहेत. आपल्या देशातील दहापैकी नऊ घरांत आपला माल वापरला जातो, असे कंपनी अभिमानाने सांगते. म्हणजे तिच्या कामगाराचे मत हा काही एका कोपऱ्यातल्या धंद्याचा प्रश्न नव्हे.

प्रथम कायम कामगाराचे ऐकू. मुंबईत साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत साबण, औषधे आणि रसायने बनविणाऱ्या परदेशी कंपन्यांतील कायम नोकरी म्हणजे कामगार वस्तीतील मानाचे स्थान होते. महागाई निर्देशांकाशी जोडलेला भत्ता, दर तीन-चार वर्षांनी नवा करार, कँटीन, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी ही सारी पगारचिठ्ठीवर दिसणारी गोष्ट होती. त्याच शहरात १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्या मनात जी तुलना खदखदत होती, तीत गिरणीबाहेरच्या या कारखान्यांचे पगार होते. साच्यावर उभा राहणारा बाप आपला मुलगा गिरणीत न जाता अशा एखाद्या कंपनीत चिकटावा म्हणून खटपट करीत असे. अशा कंपनीतून निवृत्त झालेला कामगार आजही 'आमची कंपनी' असे म्हणतो. त्या शब्दात खोटेपणा नाही, आणि त्याला वर्गजाणिवेचा अभाव म्हणून हिणविणे हा आपला आगाऊपणा होईल. त्याला मिळाले ते त्याने पाहिले आहे.

प्रश्न आहे तो मिळाले कसे याचा. कंपनीच्या इतिहासाच्या चकचकीत पुस्तकांतून चांगल्या पगाराचे श्रेय दूरदृष्टीच्या धोरणाला दिलेले असते. जुना कामगार मात्र वर्षे मोजतो ती करारांची आणि लढ्यांची. १९८८ मध्ये मुंबईच्या कारखान्यात टाळेबंदी झाली आणि ती सुमारे वर्षभर चालली. उत्पादन मुंबईबाहेरच्या आणि दुसऱ्यांच्या कारखान्यांतून करवून घेण्याच्या धोरणाचे सावट त्या झगड्यावर होते. त्या काळात कामगारांनी एक गोष्ट केली तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. त्यांनी स्वतःच धुण्याची पूड तयार केली, तिला 'लॉक-आऊट' असे नाव दिले आणि ती लोकांना विकली. कंपनीने जाहिरातींवर जे कोट्यवधी रुपये खर्चून आपले नाव घरोघर नेले होते, त्या नावामागे प्रत्यक्ष पूड बनविणारे हात कोणाचे, हे त्या एका पुडक्याने गृहिणीच्या हातात ठेवले. नोकरीविषयी कामगाराचे मत काय, असे विचारणाऱ्याने या पुडक्याची नोंद घेतली पाहिजे. कामाचा अभिमान आणि मालकाविरुद्धचा राग एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. पाहणीच्या कागदावर मात्र या दोहोंसाठी मिळून एकच रकाना असतो.

यानंतरचे प्रसंग थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये टाटांची टॉम्को ही तेला-साबणाची कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याची योजना पुढे आली. कामगार संघटना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. भागांचे मोल कसे ठरले, मक्तेदारी वाढेल का, नोकऱ्यांचे काय होईल, हे सारे प्रश्न कामगारांनी उपस्थित केले. १९९४ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. १९९५ मध्ये त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका खटल्यात निकाल कामगारांच्या बाजूने लागला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली, बडतर्फीचा अखेरचा हुकूम हाती पडण्याआधीही कामगाराला तक्रार करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आज महाराष्ट्रातील कोणत्याही कारखान्यातील आरोपपत्र मिळालेला कामगार ज्या निवाड्याचा आधार घेतो, तो या साबणवाल्यांनी लढून मिळविलेला आहे, हे आपल्यातील तरुणांना ठाऊक नसते म्हणून सांगितले.

आणि २००६ मध्ये शिवडीचा कारखाना 'बॉन' नावाच्या उपकंपनीकडे वर्ग करण्यात आला व तो बंद झाला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांच्या आधारे ब्रिटनमधील सरकारी कचेरीकडेही या प्रकरणी तक्रार नेण्यात आली. सत्तर वर्षांहून अधिक काळ जेथे साबण शिजला, तेथील कामगाराला त्या दिवशी मत विचारले असते तर काय उत्तर आले असते? पण बंद झालेल्या फाटकावर पाहणी करणारे जात नाहीत.

आता आपल्याला गैरसोयीच्या अशा भागाकडे येतो. उत्पादन थांबले नाही, फक्त जागा बदलली. १९९७ च्या ईशान्य भारतासाठीच्या औद्योगिक धोरणाने आणि २००३ नंतर उत्तराखंड व हिमाचलला मिळालेल्या सवलतींनी साबण-प्रसाधनांच्या धंद्याला नवी ठिकाणे दाखविली. आसामातील डूमडूमा, गंगेकाठचे हरिद्वार, हिमाचलातील बद्दी ही नावे आज साबणाच्या वेष्टनावर वाचायला मिळतात. तेथील कामगारांची मुळे आसपासच्या खेड्यांत किंवा चहामळ्यांत आहेत, आणि शिवडीच्या करारांची स्मृती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नाही. डूमडूमाला २००७ साली टाळेबंदी झाली. कामावर परत घेताना आपली युनियन सोडल्याच्या कागदावर सह्या घेतल्या गेल्या, असा कामगारांचा आरोप होता. हे प्रकरणही ब्रिटनपर्यंत गेले आणि २०१० मध्ये मध्यस्थीने समझोता झाला. युनियन असावी की नसावी, हे कामगाराचे मत होते. ते नोंदवून घेण्यासाठी आसामच्या कोपऱ्यातून लंडनपर्यंत जावे लागले.

परंतु यापेक्षाही मोठी दरी एकाच कारखान्याच्या भिंतीआड आहे. साबण वा पेस्ट भरण्याच्या कोणत्याही आधुनिक कारखान्यात पाळी सुटताना फाटकावर उभे राहा. एकाच रंगाचे कपडे, डोक्यावर सारखीच टोपी, हातांची सारखीच स्वच्छता. 'कुठे काम करता?' असे विचारले तर सारेच कंपनीचे नाव सांगतात. गावात लग्न जमविताना हेच नाव उपयोगी पडते. पण 'तुमचा मालक कोण?' असे विचारले की अर्ध्या लोकांच्या तोंडून कंत्राटदाराचे नाव येते. हा कंत्राटदार दोन-चार वर्षांनी बदलतो, माणसे तीच राहतात, आणि त्यांची नोकरी मात्र कागदावर दर वेळी नव्याने सुरू होते. पॅकिंगच्या पट्ट्यावर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला करार आहे, दुसऱ्याला मुकादम आहे. कायम कामगाराला कंपनी कशी आहे असे विचारा, तो बोनसविषयी बोलतो. कंत्राटी कामगाराला विचारा, तो आधी इकडे-तिकडे पाहतो. बरेचदा तो म्हणतो, कंपनी चांगली आहे, कंत्राटदार वाईट आहे. हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या राज्यांतील माणसांकडून ऐकले आहे की त्यावर विचार करणे भाग पडले. कंपनीला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते हवे? नफा इकडे, शिव्या तिकडे, अशी ही व्यवस्था आहे.

हा केवळ एका कंपनीचा प्रकार नव्हे. सरकारच्याच उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार गेल्या शतकाच्या अखेरीस संघटित कारखान्यांतील दर पाच कामगारांमागे सुमारे एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. युनिलिव्हरच्याच पाकिस्तानातील खानेवाल येथील चहाच्या कारखान्यात तर सारा देखावा उघडा पडला होता. तेथे कायम कामगार अवघे २२ होते आणि दलालांमार्फत आणलेले ७२३. आंतरराष्ट्रीय अन्न कामगार महासंघाने जगभर मोहीम चालविली, तेव्हा २००९ मध्ये २०० नव्या कायम जागांचा समझोता झाला. त्या बावीस जणांचीच पाहणी केली असती तर खानेवालचा कारखाना नोकरीसाठी उत्तम ठरण्यास काहीच अडचण नव्हती.

कारखान्याबाहेर तर याहून विस्कळीत चित्र आहे. दुकानोदुकानी फिरून मागणी घेणारा तरुण कंपनीचा माल विकतो, कंपनीने ठरविलेले उद्दिष्ट गाठतो, कंपनीच्या यंत्रणेत मोबाइलवर नोंद करतो. त्याचा पगार मात्र वितरक देतो. कंपनीच्या स्वतःच्या विक्री कर्मचाऱ्यांनाही कायद्यात जागा मिळविण्यासाठी बरेच झगडावे लागले. विक्री प्रोत्साहन कर्मचाऱ्यांचा १९७६ चा कायदा प्रारंभी औषध कंपन्यांपुरताच होता. साबण आणि प्रसाधनांच्या धंद्याला तो २०११ साली लागू झाला, म्हणजे पस्तीस वर्षांनी. त्याहीपलीकडे खेड्यांतील स्त्रिया आहेत. २००० च्या सुमारास आंध्रातील नलगोंडा जिल्ह्यातून 'शक्ती' नावाची योजना सुरू झाली. गावातील बाई कंपनीचा माल विकत घेते आणि घरोघर विकून सुटलेला फरक तिचा. तिला उद्योजिका म्हणतात. तिच्या हाती पैसा आला, घरात तिचा शब्द चालू लागला, हे खरेच आहे आणि आपण ते नाकारू नये. पण आजारपणाच्या दिवशी तिची कमाई शून्य असते. न विकलेला माल तिच्या कपाटात पडून राहतो. तिला नोकरदार म्हणून कोणीच मोजत नाही. नोकरी कशी वाटते, हा प्रश्नच तिच्यासाठी नाही.

साहेबांविषयी दोन शब्द बोलतो. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांतील विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत ही कंपनी वर्षानुवर्षे अग्रभागी राहिली आहे. १९७६ पासून तिने आपल्या शिकाऊ अधिकाऱ्यांना उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यातील खेड्यांत काही आठवडे राहायला पाठविण्याचा परिपाठ ठेवला. शेतकऱ्याचे जीवन कळावे, हा त्यामागील हेतू. चांगली गोष्ट आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर, कंत्राटी कामगारांच्या भाड्याच्या खोलीत आठ आठवडे राहण्याचा असाच परिपाठ निघता तर आणखी बरे झाले असते. अंतरही कमी पडले असते. कचेरीतल्या खालच्या फळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. हुद्द्यात 'मॅनेजर' शब्द घालायचा आणि त्याला कामगाराच्या व्याख्येबाहेर काढायचे, ही जुनी युक्ती. पर्यवेक्षकाला कामगार मानण्याची पगारमर्यादा एकेकाळी ५०० रुपये होती. मग १९८४ पासून १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० आणि आता नव्या संहितेत १८,००० आहे. आजच्या शहरात एवढ्या पगारावर कोणता पर्यवेक्षक मिळतो, ते तुम्हीच सांगा. रात्री दहापर्यंत संगणकासमोर बसणारा हा तरुण पाहणीत भरपूर गुण देतो आणि दोन वर्षांत नोकरी बदलतो. त्याचे खरे मत राजीनाम्यात असते.

आणखी एका प्रकरणाचा उल्लेख केला नाही तर हे चित्र अर्धवट राहील. तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याचे थर्मामीटर बनविण्याचा कारखाना होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथून ही यंत्रसामग्री ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेथे आणण्यात आली. माल निर्यातीसाठी होता. मूळ मालक पाँड्सची कंपनी. पुढे पाँड्सच्या विलीनीकरणाबरोबर १९९८ मध्ये कारखाना हिंदुस्थान लिव्हरकडे आला. २००१ च्या मार्चमध्ये गावातील भंगाराच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचे ढीग सापडले, लोक रस्त्यावर आले, कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठविण्यात आला. कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम झाला नाही, अशी कंपनीची भूमिका राहिली. कामगारांचे म्हणणे उलट होते, आणि त्यासाठी ते २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. अखेर मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांशी समझोता झाला. कारखाना चालू होता तेव्हा डोंगरावरच्या त्या गावात ही हेवा वाटावी अशी नोकरी होती. आपण काय हाताळतो आहोत, ते अंगात कसे शिरते, हे ज्याला कोणी सांगितलेले नसते, त्याच्या समाधानाची किंमत काय करायची? मत देण्यासाठी आधी माहिती लागते. धोकादायक पदार्थांची माहिती कामगाराला देण्याची सक्ती १९८७ साली, भोपाळनंतर, कारखाने कायद्यात आली. ती किती कारखान्यांत भिंतीवरच्या तक्त्यापलीकडे गेली आहे, हे आपापल्या ठिकाणी तपासा.

आता आपल्याकडे वळू. कंपनी फक्त आपल्या हजेरीपटावरच्यांना विचारते, अशी तक्रार आपण करतो. आपल्या युनियनांनी वेगळे काय केले? करार करताना मागण्यांचा मसुदा सभासदांच्या सभेत मंजूर होतो, आणि सभासद कायम कामगार असतात. कंत्राटी कामगारांच्या मागणीचे कलम मसुद्यात शेवटच्या पानावर जाते आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सोडले जाते. ही पद्धत पडण्यामागे कायद्याचाही हात आहे. १९६० साली मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखान्यातील सफाईच्या कंत्राटाविरुद्ध स्टँडर्ड व्हॅक्युमच्या कायम कामगारांनी सर्वोच्च न्यायालयात विजय मिळविला होता. कायम कामगारांनी कंत्राटी कामगारांसाठी लढविलेला तो वाद होता, हे विसरू नका. त्यानंतर १९७० चा कंत्राटी कामगार कायदा झाला. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या निकालाने, कंत्राट रद्द झाले की कामगार आपोआप कायम, असे म्हटले. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या निकालाने ते दार पुन्हा लावून घेतले. तेव्हापासून कायम होण्याचा मार्ग न्यायालयातून फारसा उरलेला नाही. तो संघटनेतून शोधावा लागतो, आणि संघटनेच्या कचेरीत कंत्राटी कामगाराला बसायला खुर्ची नसेल तर तोही नाही.

कोणी म्हणेल, कंपन्या आता स्वतःहून सुधारत आहेत. युनिलिव्हरने २०२१ मध्ये जाहीर केले की आपल्याला थेट माल व सेवा पुरविणाऱ्या प्रत्येकाला २०३० पर्यंत जगण्यापुरते वेतन मिळेल. २०२४ मध्ये हे उद्दिष्ट छाटण्यात आले. घोषणा करण्यासाठी कोणाशी करार करावा लागला नव्हता, म्हणून मागे घेतानाही कोणाला विचारावे लागले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अंमलात आणल्या गेल्या आहेत. कारखाना बंद करण्यासाठी सरकारच्या परवानगीची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांपासून सुरू होते. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी २० ऐवजी ५० पासून. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगारांना मनाई आहे, पण जे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदाराकडून होत आले आहे त्याला सूट आहे. आणि पॅकिंगचे काम कसे होत आले आहे, याचा पुरावा मालकाच्या कपाटात आहे. आपल्या आजच्या विषयाशी सर्वांत जवळचे कलम मात्र वाटाघाटी करणाऱ्या एकमेव संघटनेचे. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तिलाच तो मान मिळेल. म्हणजे कामगाराच्या मताची मोजणी आता कायद्यानेच ठरली आहे. मोजायचे कोणाला, हा प्रश्न त्या एका 'हजेरीपट' शब्दात दडलेला आहे. एका फाटकातून आत जाणाऱ्या हजार माणसांची नावे जर एका कंपनीच्या आणि सहा कंत्राटदारांच्या अशा सात पटांवर असतील, तर तीनशे कायम कामगारांचे मत हेच साऱ्या कारखान्याचे मत ठरेल. ते तीनशे निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत.

तेव्हा पुढील वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या कारखान्यातील हे पट किती, त्यांवर नावे किती, कोणता कंत्राटदार केव्हापासून आहे आणि त्याच्याकडील सर्वांत जुना माणूस किती वर्षे त्याच पट्ट्यावर उभा आहे, एवढे लिहून आणावे. प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक किती वेळा बदलला हे विचारले तर बाकीचे आपोआप कळते. आता डूमडूमा किंवा हरिद्वारकडचे कोणी साथी आले असतील तर त्यांनी आधी बोलावे. मुंबईकरांना बोलायला नंतर वेळ मिळेल.